केडगावचा जमाखर्च

बोस्टनच्या लोकांनी पंडिता रमाबाईंना दहा वर्षांचा शब्द दिला होता. १८८७ च्या डिसेंबरात तिथे ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. सभासदांनी दरसाल ठरावीक रक्कम भरायची आणि त्यातून हिंदुस्थानात उच्चवर्णीय विधवांसाठी एक शाळा दहा वर्षं चालवायची, असं ठरलं. शाळेत कुठल्याही धर्माची शिकवण द्यायची नाही, ही अट. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९८ च्या आसपास हा आधार संपणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी हयात सरकारी लेखापरीक्षणात गेली आणि निवृत्तीनंतर नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने खजिनदारकी गळ्यात घातली. त्यामुळे कुणी ‘देवावर हवाला टाकला’ म्हणालं की माझी नजर आधी वहीकडे जाते. आमच्यात साक्षी देण्याची पद्धत आहे. घरात दाणा नव्हता, गुडघे टेकले, आणि दुसऱ्या दिवशी दारात मनीऑर्डर, अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण मनीऑर्डर आली नाही त्या दिवसाची साक्ष द्यायला कुणी उभं राहत नाही, आणि ऑडिटवाल्याला नेमकी तीच पावती बघायची असते. रमाबाईंचं केडगाव मला धरून ठेवतं ते यासाठी, की तिथल्या वहीत दोन्ही बाजू लिहिलेल्या सापडतात.

आधी एक खुलासा. आमच्या नगरला लागून एक केडगाव आहे, ते हे नव्हे. हे दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं, पुण्याहून साधारण ५५ किलोमीटरवरचं.

रमाबाईंच्या प्रार्थनेचा खर्चाचा रकाना फार आधी सुरू होतो, ख्रिस्ती धर्माशी त्यांचा काही संबंध यायच्या आधी. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं हिंडणारे. १८७४ ते १८७७ च्या दुष्काळात हे कुटुंब दक्षिणेत होतं. उपास, जप, देवदर्शन, दानधर्म, शास्त्रात सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी झाडपाल्यावर दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रायचूरला आई वारली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. भाऊ आणि दोन ब्राह्मण असे तीनच झाले, चौथी रमाबाई. त्यांची उंची कमी, खांद्याला खांदा लागेना, म्हणून तिरडीचं टोक त्यांनी डोक्यावर घेतलं. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या.

म्हणजे केडगावला ज्या बाईने देवावर भार टाकला, तिने एकदा तो टाकून पाहिला होता आणि हाती काही लागलं नव्हतं. प्रवचनांत रमाबाईंचा दाखला देताना आमचे लोक ही पानं फार लवकर उलटतात. देव बदलला, म्हणून उत्तर आलं, एवढं सोपं गणित मांडून मोकळे होतात. रमाबाईंचं स्वतःचं गणित इतकं सोपं नव्हतं. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्या वेळी त्यांच्या वाचनात आलं होतं. आधी धर्म पटला होता, आता भरवसा बसला, असं म्हणूया.

या भरवशाची पहिली किंमत पुण्यात मोजावी लागली. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मुलीला, मनोरमाला, घेऊन प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. शहरात कुजबुज झाली, ‘केसरी’त टीका झाली. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. मुलींना आपापले देव पुजायची मोकळीक आहे, तशी मलाही माझ्या खोलीत आहे. दार लावून घेतलं असतं तर वाद मिटला असता. त्यांनी ते लावलं नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर वगैरे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

मी ख्रिस्ती असूनही इथे पालकांची बाजू मला समजते. धर्म शिकवणार नाही या शब्दावर त्यांनी विधवा लेकी स्वाधीन केल्या होत्या, आणि आईसारख्या बाईचं उघडं दार हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आमंत्रणच असतं. पण रमाबाईंचीही कोंडी खरी होती. बोस्टनचा पैसा प्रार्थनेशिवाय चालणाऱ्या शाळेसाठी होता, आणि त्यांना स्वतःला प्रार्थनेशिवाय दिवस ढकलणं जमेनासं झालं होतं.

मुदत संपल्यावर काय, याचा विचार त्यांनी अगदी माझ्यासारख्या कारकुनी डोक्याने केला होता. केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बोस्टनचा पैसा बंद झाला की झाडांच्या उत्पन्नावर सदन चालेल, अशी योजना. उत्तम योजना. पण झाडं फळाला यायच्या आतच दुष्काळ आला.

त्याच सुमारास त्यांनी तीन पुस्तकं वाचली होती: चीनच्या अंतर्भागात काम करणाऱ्या मिशनची हकीकत, न्यू हेब्रिडीज बेटांवरचे मिशनरी जॉन पेटन यांचं चरित्र, आणि ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचा वृत्तांत. म्युलर मूळचे प्रशियाचे. १८३६ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर अनाथ मुलींसाठी घर उघडलं, आणि पुढे ॲशली डाऊनच्या माळावर पाच मोठ्या इमारती उभ्या केल्या. २०५० मुलांची सोय. नियम दोन: माणसाकडे पैसा मागायचा नाही आणि कर्ज काढायचं नाही. रिकाम्या ताटांपुढे मुलांना बसवून म्युलरनी आभाराची प्रार्थना केली आणि दारात पाववाला उभा राहिला, ही गोष्ट प्रत्येक पाळकाच्या पोतडीत असते. मला त्या पाववाल्यापेक्षा म्युलरचे वार्षिक अहवाल जास्त आवडतात. आलेल्या देणग्यांची छापील नोंद ते दरसाल लोकांपुढे ठेवत. आता, मागायचं नाही असं ठरवून दरसाल छापील हिशेब वाटणं हेही एक प्रकारचं मागणंच झालं, असं कुणी म्हटलं तर मी फार भांडणार नाही. पण मागणाऱ्याच्या वह्या इतक्या उघड्या असतील तर माझी तक्रार नाही.

ही पुस्तकं वाचून रमाबाईंना प्रश्न पडला, की हिंदुस्थानातही देवावर असा भरवसा ठेवून चालता येईल का? ब्रिस्टल हे व्यापारी बंदर, आजूबाजूला ख्रिस्ती गिऱ्हाईक. केडगावच्या माळावर काय होतं?

१८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांची एक शिबिरसभा भरली होती. रमाबाईंबरोबर सदनातल्या ख्रिस्ती झालेल्या १५ मुली होत्या. पहाटे रमाबाई रानात एकट्या प्रार्थनेला गेल्या आणि तिथे त्यांनी देवापुढे एक आकडा ठेवला: पुढच्या सभेपर्यंत या पंधराचा वर्ग होऊ दे. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. एवढी रोख मागणी मी दुसऱ्या कुठल्या साक्षीत ऐकलेली नाही. आम्ही प्रार्थनेत ‘आशीर्वादित कर’, ‘वृद्धी दे’ असं मोघम बोलतो. उत्तर आलं की नाही हे तपासायची पंचाईतच नको. रमाबाईंनी मात्र जमेचा आकडा आधीच लिहून टाकला. त्या वेळी सगळ्या सदनात मिळूनही तेवढ्या मुली नव्हत्या.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती. जावं की न जावं, याबद्दल रमाबाईंची सुरुवातीला चलबिचल झाली, हेही त्यांनी लिहिलंय. हाती पैसा नव्हता, आणि स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवत होता. शेवटी गेल्या. मदतकेंद्रांभोवती तरण्या मुलींना गाठणारे दलालही फिरत होते. आधी काही डझन आणि मग मागोमाग जथे, असं करत १८९७ मध्ये शेकडो मुली आणि विधवा त्यांनी आणल्या. बोस्टनचा पैसा पन्नासेक उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होता. या बायका सगळ्या जातींच्या, उवांनी आणि खरजेने भरलेल्या, काही जणी भाकरी दिसली की झडप घालणाऱ्या. यांची तजवीज कुठल्याच करारात नव्हती. त्यात पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले आणि नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग केडगावची जमीन उपयोगी पडली, फळांसाठी नव्हे तर झोपड्या आणि तंबू ठोकायला. पंधराचा वर्ग झाला आणि आकडा त्याच्याही पुढे गेला.

इथे ऑडिटवाला थांबतो. हे उत्तर म्हणायचं का? दोनशे पंचवीस मुली आल्या त्या लाखो माणसं मेली म्हणून आल्या. रमाबाईंनी दुष्काळ मागितला नव्हता, पण त्यांच्या प्रार्थनेचं उत्तर दुष्काळाच्या वाटेने आलं. आणि आलेल्यांपैकी बऱ्याच जणी जगल्या नाहीत. उपासमारीने आतडी गेलेल्या मुली दवापाणी, प्रार्थना, सगळं करूनही दगावल्या. मी हा हिशेब अनेकदा मांडून पाहिलाय. तो जुळत नाही, आणि जुळवून दाखवणाऱ्या प्रवचनकारावर माझा विश्वास बसत नाही.

१८९८ ला दहा वर्षं भरली. सप्टेंबरात केडगावच्या या वसाहतीचं, ‘मुक्ती’चं, रीतसर समर्पण झालं. कायम ठेव नाही, बांधील उत्पन्न नाही. अमेरिकेत असोसिएशनची नव्याने बांधणी झाली आणि तिकडून पैसे येत राहिले, हे सांगायला हवं. अगदी आभाळातून काही पडत नव्हतं. पण १९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ आला तेव्हा रमाबाईंनी पुन्हा दार उघडं टाकलं आणि माणसांची संख्या १९०० च्या आसपास गेली, ती कुठल्याही असोसिएशनला विचारून नव्हे. खातं रिकामं असताना खर्च वाढवायचा, हा प्रकार माझ्या नोकरीत आक्षेपाला पात्र होता.

त्या दुष्काळातली विहिरींची हकीकत मुक्तीच्या वृत्तांतात येते. पाऊस नाही, विहिरींचा तळ लागलेला. जवळपास १९०० माणसं, शंभरावर गुरं, शिवाय बांधकाम आणि भाजीपाला. संध्याकाळी विहिरी उपसून कोरड्या व्हायच्या, आणि सकाळी त्या दिवसापुरतं पाणी झिरपून आलेलं असायचं. दिवसापुरतंच, साठा कधी झाला नाही. आमच्या दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाला रात्रीतून विहिरीला पाझर येणं काही नवीन नाही. पण उद्याच्या पाझराची खात्री नसताना दोन हजार माणसांच्या चुली पेटवणं काय असतं, तेही आम्हालाच जास्त कळतं.

केवळ प्रार्थना करून ही माणसं बसली नव्हती, हे वेगळं सांगायला नको. माग होते, तेलघाणा होता, गोठा होता, शेती होती, छापखाना होता. वाट चुकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. मनोरमाबाई अमेरिकेतून ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी आंधळ्या मुलींना वाचायला शिकवलं. मुक्तीचं पत्रक निघे त्याचं नाव ‘मुक्ती प्रेयर बेल’. मोठं समर्पक नाव: प्रार्थनेची घंटा, म्हणजे वेळापत्रक आलं.

१९०५ मध्ये मात्र घंटेचा हिशेब कोलमडला. वेल्समध्ये मोठं आत्मिक जागरण झाल्याची बातमी आली होती. जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, की अशा जागरणासाठी रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण येईल? ७० जणी उभ्या राहिल्या. जूनपर्यंत हा आकडा ५०० च्या वर गेला आणि दिवसातून दोनदा बैठका होऊ लागल्या. २९ जूनच्या पहाटे मुलींच्या एका खोलीत जे घडलं ते मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी लिहिलंय. एक मुलगी मोठ्याने प्रार्थना करत होती. दुसरीला तिच्याभोवती आग दिसली, म्हणून ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार एवढ्यात तिच्या लक्षात आलं, की अंगाला काही पेटलेलं नाही.

बादली घेऊन धावणारी ती मुलगी मला फार आवडते. दर्शन झालं म्हणून ती हात जोडून उभी राहिली नाही. आग दिसली, पाणी आणायला पळाली. दुष्काळातून आलेल्या मुलीचं डोकं असंच चालणार.

मग आठवडेच्या आठवडे शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. गोऱ्या मिशनऱ्यांपैकी काहींना हा गोंधळ वाटला. मला विचाराल तर मीही त्यांच्यातच बसलो असतो. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची. १८३१ पासून नगरला आम्हाला शिस्तीची सवय: पाळकसाहेब प्रार्थना करतात, बाकीचे मान खाली घालून ऐकतात, आणि प्रार्थना लांबली की मागच्या बाकांवर खोकल्याची साथ येते. रमाबाई स्वतः संयमी, विद्वान बाई. त्यांनी मात्र मुलींना अडवलं नाही. इंग्रजी शिस्तीतच देवाशी बोललं पाहिजे असं कुठे आहे, अशी त्यांची भूमिका. आपल्या बायका मयताच्या घरी कशा हंबरडा फोडतात ते त्यांनी पाहिलं होतं. त्याच बायका देवापुढे कुजबुजत का बोलतील?

एब्रम्सबाईंनी या जागरणावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वालपराइसोला राहणाऱ्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मिसेस हूवर यांना, पाठवली. तिथल्या मेथडिस्ट मंडळीत ती वाचली गेली, तसंच मागणं सुरू झालं आणि १९०९ मध्ये तिकडे पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. आज चिलीत लाखो लोक त्या परंपरेचे आहेत. त्यांच्या मुळाशी दौंड तालुका आहे हे आमच्या दौंडच्या भावाबहिणींनाही ठाऊक नसतं. पगाराशिवाय देवावर विसंबण्याचा प्रयोग आमच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही केला, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. पण दोन वर्षांतच ते गेले. त्या प्रयोगाला वेळच मिळाला नाही.

रमाबाईंना वेळ मिळाला. साधारण १९०४ पासून त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम अंगावर घेतलं. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शेतात राबणाऱ्या बाईला कळेल असं मराठी हवं, हा हट्ट. स्वतः संस्कृत पंडिता असून संस्कृतचं ओझं त्या ओळीओळीतून उतरवत राहिल्या. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलीच. त्यात हिब्रू आणि ग्रीकचेही खिळे. १९१३ मध्ये नवा करार छापून झाला. जुना करार मोठा; तो रेंगाळला.

२४ जुलै १९२१ ला मिरजेत मनोरमाबाई वारल्या. वय ४०. मुक्तीचं काम त्याच पुढे चालवणार, असं सगळे धरून होते. इतक्या वर्षांत मुक्तीत केवढी प्रार्थना झाली असेल, आणि त्यात या एका नावासाठी किती झाली असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. ती पावती वहीत नाही. रमाबाईंनी त्यानंतर काय केलं? प्रुफं तपासली. शेवटच्या दिवसांत त्यांनी देवाकडे एवढंच मागितलं, की उरलेली प्रुफं वाचून होईपर्यंत, दहा दिवस दे, असं मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघालं.

हे बायबल आमच्या मंडळ्यांनी मात्र फारसं उचललं नाही. बायबल सोसायटीचं भाषांतर घराघरांत होतं, पाठ झालेलं होतं; लग्नात, मयतीला तेच शब्द कानाला हवे असत. आमच्या चर्चमध्ये आजही वेदीवर सोसायटीचंच असतं, आणि मी स्वतःही तेच वाचतो. अठरा वर्षांच्या श्रमांची ती जाडजूड प्रत कुणा जुन्या पाळकाच्या कपाटात अधूनमधून दिसते. केडगावची मुक्ती अजून चालू आहे. तिथे बायका आहेत, मुलं आहेत, आणि दर महिन्याला वाण्याचं बिल येतंच.